कडेवरून उतरलेली मुलं

गुजरातमधल्या अंगणवाडीत दोन बायका काम करतात. सरकारी कागदावर एकीला ‘कार्यकर’ म्हणतात आणि दुसरीला ‘तेडागर’. या दुसरीला आपण महाराष्ट्रात मदतनीस म्हणतो, पण त्या शब्दात तिचं काम काही दिसत नाही. तेडागरमध्ये ते लख्ख दिसतं. गुजरातीत ‘तेडवुं’ म्हणजे मूल कडेवर घेणं, आणि बोलावून आणणं, न्यायला जाणं हेही त्याच शब्दात येतं. सकाळी गल्लीगल्लीतून फिरायचं, दारात उभं राहून हाक मारायची, एकाला कडेवर घ्यायचं, एकाला बोटाशी धरायचं आणि ही वरात अंगणवाडीच्या ओट्यापर्यंत आणायची, हे तेडागरचं काम. सुरतेच्या लिंबायत भागातल्या मराठी आयाही तिला ‘तेडागर बेन’च म्हणतात.

१७ फेब्रुवारी २०२२ ला गुजरातमधल्या अंगणवाड्या आणि बालवाड्या पुन्हा उघडल्या, तेव्हा कार्यकर असो, खासगी बालवाडीतली बाई असो की ज्युनियर केजीची टीचर, प्रत्येकीला आधी तेडागर व्हावं लागलं. गाणी, गोष्टी, मुळाक्षरं सगळं नंतर. पहिलं काम म्हणजे आईच्या कडेवरून मूल उतरवून घेणं. ते किती अवघड झालं होतं आणि का, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

गुजरातमधल्या शाळा १६ मार्च २०२० पासून बंद झाल्या. तीनच दिवसांनी राज्यातले पहिले दोन रुग्ण सापडले, एक राजकोटात आणि एक सुरतेत. राज्यातला पहिला मृत्यूही सुरतेतच, २२ मार्चला. पुढे दहावी-बारावीचे वर्ग जानेवारी २०२१ मध्ये उघडले, दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटले, मग वरून खाली एकेक पायरी उतरत नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिली ते पाचवीची पाळी आली. जानेवारीत तिसऱ्या लाटेने तेही थांबवलं. सगळ्यात धाकटी मुलं सगळ्यात शेवटी आली. तेवीस महिने. मोठ्या माणसाच्या आयुष्यात तेवीस महिने म्हणजे एक वाईट काळ; साडेचार वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात ते जवळजवळ अर्धं आयुष्य आहे. बंद झालं तेव्हा ते धड बोलतही नव्हतं. ‘शाळा पुन्हा सुरू झाली’ हे वाक्य त्याच्यासाठी खरं नव्हतंच. त्याच्यासाठी शाळा पहिल्यांदा सुरू होत होती, आणि घराबाहेरचं जगही.

लिंबायतची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण घर कसं होतं हे कळल्याशिवाय त्या मुलाचं रडणं कळणार नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी खोऱ्यातून रेल्वे गेली आणि खानदेश सुरतेला जोडला गेला. पुढे यंत्रमाग वाढले, कापडाची मार्केटं उभी राहिली, तशी जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं भुसावळच्या गाडीने उधन्याला उतरू लागली. लूमच्या खात्यांत म्हणजे कारखान्यांत, डाइंगच्या मिलांत, मार्केटात गठ्ठे उचलायला. लिंबायत, डिंडोली, गोडादरा, उधना हा पट्टा आज इतका खानदेशी आहे की लिंबायतमधल्या नीलगिरी भागात दहा मिनिटं उभं राहिलं तरी अहिराणी, म्हणजे खानदेशची बोली, कानावर पडतेच. सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमातही चालतात. त्यातल्या मराठी शाळांना मुलं मिळतात ती मुख्यतः याच पट्ट्यातून.

घर म्हणजे बहुतेकांचं एका खोलीचं. त्यात आई-वडील, दोन-तीन मुलं, कधी गावाहून आलेली आजी. वडील बारा तासांच्या पाळीवर. आई घरीच साड्यांना टिकल्या आणि लेस लावण्याचं किंवा धागा कापण्याचं काम घेते. साथीच्या पहिल्या महिन्यांत सुरतेतल्या सर्वाधिक रुग्णांच्या भागांत लिंबायत झोनचं नाव सतत होतं. गल्ल्यांच्या तोंडाशी बांबू आणि पत्रे लागले. ज्या मुलाचं खरं अंगण म्हणजे गल्लीच होती, त्याची गल्ली गेली. उरली खोली, आणि खोलीत मोबाईल.

इथल्या बालवाडीच्या बाईंशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. त्यांच्याकडे परतलेली मुलं दोन तऱ्हेची होती. काही घरं लॉकडाऊनमध्ये मिळेल त्या वाहनाने, काही पायीसुद्धा, नवापूरची हद्द ओलांडून गावी गेली. (नवापूरचं रेल्वे स्टेशन निम्मं गुजरातेत आणि निम्मं महाराष्ट्रात आहे. एरवी लोक तिथे फोटो काढतात. त्या वर्षी ती हद्द खरोखरच हद्द झाली होती.) गावी गेलेली मुलं आजीच्या अंगणात, शेळ्या-कोंबड्यांत वाढली. ती परतली तेव्हा धीट होती, मोठ्याने बोलत होती, पण फक्त अहिराणी. जी खोलीतच राहिली ती हिंदी कार्टूनमधली वाक्यं फाडफाड बोलायची. नाव विचारलं की मात्र आईच्या पदरात तोंड लपवायची. वरून पाहिलं तर पहिलं मूल मागे आणि दुसरं पुढे वाटेल. अनुभवी बाई उलट सांगतात. पहिल्याला माणसांची सवय होती, भाषा तेवढी जोडायची होती. दुसऱ्याकडे शब्द होते, पण ते कुणाला उद्देशून बोलायचे असतात हेच त्याला कळलेलं नव्हतं.

ही निव्वळ बाईंची समजूत नाही. आयर्लंडमध्ये साथीच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्या सुमारे तीनशे बाळांचा अभ्यास झाला आणि तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाच्या वयाला एखादा तरी अर्थपूर्ण शब्द बोलणारी मुलं आधीच्या पिढीत ८९ टक्के होती, या बाळांत ७७ टक्के. बोट दाखवणारी ९३ वरून ८४ वर आली. टाटा करणारी ९४ वरून ८८ वर. रांगणारी मात्र वाढली, ९१ वरून ९७ टक्क्यांवर. घरातल्या जमिनीवर भरपूर वेळ मिळाला, म्हणून रांगणं सुधारलं असावं. टाटा कुणाला करणार? कुणी आलंच नाही, कुणी गेलंच नाही. बोट दाखवून ‘ते काय?’ विचारायला घराबाहेरचं काहीतरी दिसावं लागतं. आपण या हालचालींना बाळलीला म्हणतो. प्रत्यक्षात त्या संभाषणाच्या पहिल्या पायऱ्या आहेत, आणि त्या दुसऱ्या माणसाशिवाय चढता येत नाहीत.

डोळ्यांचंही तसंच. चीनमधल्या फेइचेंग शहरात दरवर्षी शाळेतल्या मुलांची दृष्टी तपासतात. सहा वर्षांच्या मुलांत लघुदृष्टीचं प्रमाण २०१५ ते २०१९ या काळात कधी ५.७ टक्क्यांच्या वर गेलं नव्हतं. २०२० च्या टाळेबंदीनंतर ते २१.५ टक्के झालं. लहान मुलाच्या डोळ्याला लांबचं पाहण्याची आणि उजेडाची गरज असते. खोलीत लांबचं म्हणजे समोरची भिंत. लिंबायतमध्ये अशी तपासणी त्या वेळी झाली असती तर काय दिसलं असतं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

आता वर्गात जाऊ. खालच्या मजल्यावरची खोली, बाहेर चपलांचा ढीग. चपलांपासूनच सुरुवात करतो, कारण बाईंचीही तिथूनच झाली. मुलांना चपला काढता येत नव्हत्या. म्हणजे येत असतील, पण दोन वर्षं बाहेर जाणंच नव्हतं, गेलं तर आईच्या कडेवर. डावी-उजवी ओळखणं, बक्कल लावणं, दुसऱ्याची चप्पल आपली नाही हे समजणं, सगळं शून्यापासून. एका बालवाडीत मी पाहिलं, बाईंनी फरशीवर खडूने पावलांच्या जोड्या काढल्या होत्या, जितकी मुलं तितक्या. आपली चप्पल आपल्या पावलावर ठेवायची. पहिले पंधरा दिवस सकाळचा अर्धा तास यातच जायचा आणि बाईंना त्याची घाई नव्हती. त्या अर्ध्या तासात मूल वाकायचं, तोल सांभाळायचं, जोडी लावायचं, थांबायचं आणि शेजारच्याला ‘ही तुझी’ म्हणायचं. दुसऱ्या मुलाशी बोललेलं अनेकांचं पहिलं वाक्य तेच.

मग बोटं. मोबाईलवर एक बोट फिरवलं की भागतं. पेन्सिल धरायला अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांनी मिळून काम करावं लागतं, आणि त्याआधी तळहाताच्या लहान लहान स्नायूंत जोर यावा लागतो. तो लिहून येत नाही. मळण्यातून, फाडण्यातून, पिळण्यातून, ओवण्यातून येतो. सुरतेतल्या बाईंना यासाठी बाजारातून काही आणावं लागलं नाही. कापडाच्या चिंध्या इथे पोत्याने मिळतात. सूत संपलेले पुठ्ठ्याचे कोन कुठल्याही खात्याच्या दाराशी पडलेले असतात. त्या वर्गात मुलं साडीच्या काठाच्या पट्ट्या फाडत होती, त्यांची वेणी घालत होती, कोनावर कोन चढवून मनोरे करत होती. एक मुलगी टिकल्या रंगांप्रमाणे वेगळ्या करत बसली होती, चिमटीत एकेक उचलून. तिचा हात इतरांपेक्षा तयार होता, कारण घरी ती आईजवळ बसून हेच बघत आली होती. मुलांनी असं काम करावं असं कुणीच म्हणणार नाही. पण त्या घरात चार वर्षांच्या पोरीने काय काय शिकून घेतलंय हे बाईंना दिसलं, आणि त्यांनी तिला बाकीच्यांची शिक्षिका केलं.

भाषेच्या बाबतीत बाईंना स्वतःची सवय मोडावी लागली. साथीच्या आधी बालवाडीत शुद्ध बोलण्याचा आग्रह असे. ‘माले घर जानं शे’ म्हणून पोर रडायला लागलं की ‘मला घरी जायचंय, असं म्हण’ अशी दुरुस्ती व्हायची. २०२२ मध्ये दुरुस्ती करायला मूल जागेवर थांबायला तर हवं! जिथे मुलं तासतासभर दाराला चिकटून उभी होती, तिथे खानदेशातल्याच एका बाईंनी आपली बोली बाहेर काढली, ‘आठे बठ, मनाजोडे.’ इथे बस, माझ्याजवळ. पोराने रडणं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. आईच्या भाषेत दुसरं कुणी बोलतंय, म्हणजे ही जागा तितकी परकी नाही. त्यात अडचण होती ती मास्कची. पाच वर्षांखालच्या मुलांना मास्क नको, अशी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाची सूचना जून २०२१ पासून होती, पण बाईंच्या तोंडावर तो होता. लहान मूल ऐकताना ओठांकडे बघतं. नवी भाषा असेल तर जास्तच. म्हणून काही बाईंनी हातवारे वाढवले, डोळे मोठे केले, बाहुलीला बोलतं केलं. त्यांचे घसे बसले. मुलांना मात्र हळूहळू नवे आवाज सापडले.

कुणी म्हणेल, साथीतही शिक्षण थांबलं नव्हतं. खरं आहे, प्रयत्न झाले. गुजरात सरकारने दूरदर्शनवर ‘उंबरे आंगणवाडी’ हा कार्यक्रम चालवला: अंगणवाडी तुमच्या उंबऱ्याशी. त्यातली गाणी, कृती नेटक्या होत्या. अंगणवाडीच्या बायका तर त्या काळात एक दिवस घरी बसल्या नाहीत. घरोघर सर्वेक्षण, लसीकरणाच्या याद्या, आणि दर आठवड्याला तीन ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या घरी एक किलो सुखडी. गव्हाचं पीठ, तूप आणि गूळ यांची ही वडी गरम जेवणाच्या बदल्यात होती. ती पाकिटं देताना दारातून पोराचं तोंड दिसायचं, एवढीच काय ती भेट. त्या भेटीचा उपयोग पुढे झाला. दोन वर्षांनी दाराशी आलेली बाई मुलाला अगदी अनोळखी नव्हती. ती सुखडीवाली बेन होती.

खासगी बालवाड्यांच्या बाईंची कथा मात्र फार दुःखाची आहे आणि ती फारशी नोंदली गेलेली नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत चालणारी बालवाडी फीवर जगते. शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून सुरू होतो, त्यामुळे बालवाडीत नाव घालण्याची सक्ती कुणालाच नाही. मिल बंद झाली तर आईबापांच्या हिशेबातून पहिल्यांदा गळते ती केजीची फी. महिना तीन-चार हजारांवर काम करणाऱ्या कितीतरी बाईंनी मग त्यांच्याच विद्यार्थ्यांच्या आयांबरोबर साड्यांना टिकल्या लावल्या. काही परत आल्याच नाहीत. ज्या आल्या, त्यांच्यापैकी कुणाच्या घरातलं माणूस दुसऱ्या लाटेत गेलं होतं. एप्रिल २०२१ मध्ये सुरतेतल्या स्मशानातल्या गॅसच्या भट्ट्यांचं लोखंड सतत जळून वितळलं होतं. ते शहर या बाईंचंही होतं. मुलांच्या भावनांविषयी प्रशिक्षणं झाली, पण बाईंना कुणी विचारलं नाही की तुम्ही कशा आहात. मुलं भातुकलीत ‘कोरोना कोरोना’ खेळायची, बाहुलीच्या नाकात काडी घालायची, तिला कोपऱ्यात वेगळी निजवायची. भीती खेळून पचवण्याची ही मुलांची जुनी रीत आहे, आणि जाणत्या बाई तो खेळ थांबवत नाहीत. पण तो बघत तिथे बसून राहणं प्रत्येकीला सोपं नव्हतं.

या बाईंनी जे केलं त्याला एक मोठी परंपरा आहे, आणि ती गुजरात आणि महाराष्ट्र यांच्या मधोमधच जन्मलेली आहे. गिजुभाई बधेका हे वकिली सोडून मुलांकडे वळलेले गृहस्थ. त्यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. मुंबईला शिकलेल्या ताराबाई मोडक त्यांना तिथे जाऊन मिळाल्या, तिथेच घडल्या आणि १९२६ मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला १९४५ मध्ये काम सुरू केलं, अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर आल्या. बालवाडी काढली, पण दलित आणि आदिवासी वस्तीतली मुलं येईनात. ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही. त्यांनी साहित्य उचललं आणि त्या वस्तीतल्या अंगणातच जाऊन बसल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि ही कल्पना तिथून आली. कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही झाली. देशाने २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा नाव घेतलं ते अंगणवाडीचंच. पुढच्या काळात ती पोषण आहाराची, वजनाच्या नोंदींची आणि रजिस्टरांची जागा जास्त झाली, अंगण मागे पडलं. २०२२ मध्ये तेडागर बेन दारात बसून मुलाशी खेळू लागली, आईलाही आठवडाभर वर्गात बसू दिलं, तेव्हा ती बोर्डीचीच वाट पुन्हा चालत होती. ताराबाईंचं नाव तिने ऐकलं असेल-नसेल.

अडचण आली ती पालकांकडून, आणि त्यांच्यावर मी रागावू शकत नाही. दोन वर्षं वाया गेली, आता निदान लिहायला तरी शिकवा, हा त्यांचा आग्रह. वहीत लाल शेरा दिसला की फी सत्कारणी लागली असं वाटतं. चिंध्या फाडायला कोण पैसे देईल? अनेक बालवाड्या या दबावापुढे वाकल्या आणि पहिल्याच आठवड्यात पाटी-पेन्सिल पुढे आली. हे चुकलं असं मला ठामपणे वाटतं. २००५ च्या भूकंपानंतर पाकिस्तानातल्या भूकंपग्रस्त भागात शाळा सरासरी चौदा आठवडे बंद होत्या. चार वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा भूकंपाच्या पट्ट्याजवळची मुलं दीड-दोन वर्षांनी मागे पडलेली आढळली. शाळा उघडल्यावर अभ्यासक्रम आपल्या वेगाने पुढे गेला आणि मागे राहिलेलं मूल दर महिन्याला आणखी मागे गेलं, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं. आई थोडीफार शिकलेली होती त्या घरांत मात्र हा खड्डा पडला नाही. उलट उदाहरण तामिळनाडूचं. तिथे शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत ग्रामीण मुलांचं सुमारे दोन-तृतीयांश नुकसान भरून निघालं, आणि त्याचा जवळपास चौथा हिस्सा गावातल्याच स्वयंसेविकांनी संध्याकाळी घेतलेल्या वर्गांमुळे होता. म्हणजे नुकसान भरून निघतं. त्यासाठी मूल जिथे आहे तिथून सुरुवात करणारं माणूस लागतं.

इथे एक हिशेब मांडतो, कारण तो मला कुठे वाचायला मिळाला नाही. गुजरातमध्ये जून २०२३ पासून पहिलीच्या प्रवेशाला सहा वर्षं पूर्ण असण्याचा नियम आला आणि पाच ते सहा वयासाठी सरकारी शाळांत बालवाटिका सुरू झाली. आमच्या मुलाचं वर्ष फुकट जातं म्हणून काही पालक उच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या. या नियमामुळे जी मुलं एक वर्ष थांबली ती साधारण जून २०१७ ते मे २०१८ मध्ये जन्मलेली. म्हणजे २०२०-२१ च्या बंद वर्षात ज्यांचं तीन वर्षांचं वय भरलं, ज्यांची नर्सरी पूर्ण बुडाली, नेमकी तीच. साथीचा विचार करून तो नियम झाला नव्हता, तो नव्या शैक्षणिक धोरणातून आला. पण बुडालेलं एक वर्ष त्या मुलांना त्यामुळे परत मिळालं.

त्यांच्या आधीच्या वर्षी, जून २०१६ ते मे २०१७ मध्ये जन्मलेल्या मुलांना ते मिळालं नाही. बालवाडीत नाव घालायचं त्यांचं वय बंद दाराआड गेलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये दार उघडलं, मे महिन्यात उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि जूनमध्ये पाच वर्षं पूर्ण म्हणून ती थेट पहिलीत बसली. त्यांच्या वाट्याला बालवाडी आली ती जेमतेम अडीच महिने. लिंबायतच्या बालवाडीतल्या एक बाई त्या तुकडीला अजून ‘माझी अडीच महिन्यांची पोरं’ म्हणतात. ती मुलं जून २०२५ मध्ये चौथीत गेली. त्यातला एखादा संध्याकाळी धाकट्या बहिणीला घ्यायला येतो तेव्हा दारातल्या खडूच्या पावलांकडे बघतो, आणि आपली चप्पल, आता त्या चित्रात मावत नसली तरी, नीट जोडीने त्यावर ठेवून आत येतो.